मिड-प्राइसर दरवर्षी का बुडवतात? फूटी फँटसी टीमची तपासणी, सोप्यापासून अवघडापर्यंत

एप्रिल उजाडला की ऑफिसच्या फँटसी लीगमधले लोक आपली फूटीची, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची, टीम घेऊन माझ्याकडे येतात. शब्द वेगवेगळे, पण दुखणं बहुतेक वेळा एकच: मधल्या किमतीचे खेळाडू, म्हणजे मिड-प्राइसर. महागडे स्टार नीट खेळत असतात, रुकी, म्हणजे स्वस्तातले नवखे, पैसे कमवत असतात आणि ही मधली फळी नुसती बसून खात असते. तुमचं दुखणं हेच आहे का, ते आधी ताडून पाहा.

लक्षणं

- टीममध्ये तीन ते पावणेपाच लाख (खेळातल्या) डॉलरचे पाच-सहा खेळाडू आहेत आणि त्यातला प्रत्येक जण आठवड्याला ६५ ते ७५ गुण आणतो. काढून टाकावा इतका वाईट नाही, शेवटपर्यंत ठेवावा इतका चांगला नाही.
- पाच-सहा फेऱ्या झाल्या तरी टीमची एकूण किंमत जागची हललेली नाही. लीगमधल्या बाकीच्यांची मात्र वाढली आहे.
- ट्रेड (खेळाडू बदलायच्या संधी) वापरलेत, पण एक मधला काढून दुसरा मधला आणलाय.
- खेळाडूचा ब्रेकइव्हन, म्हणजे किंमत आहे तिथे टिकवायला लागणारे गुण, त्याच्या नेहमीच्या गुणांच्या वर गेलाय.
- एखाद्या बायच्या (क्लबच्या सुट्टीच्या) आठवड्यात मधल्या फळीतले तिघे-चौघे एकदम गायब होतात.

यातली तीन लक्षणं जुळली तर पुढे वाचा. नुसते गुण कमी पडत असतील आणि बेंचवरचे रुकी संघात निवडलेच जात नसतील, तर तो वेगळा बिघाड आहे. मधल्या फळीला हात लावून तो सुटणार नाही.

नवीन मंडळींसाठी दोन ओळी. क्रिकेटच्या फँटसीत आपण सामन्यागणिक टीम बांधतो. इथे मार्चमध्ये बांधलेली टीम ऑगस्टपर्यंत ओढायची असते. मैदानावर २२ जण: ६ डिफेंडर, ८ मिडफिल्डर, २ रक (वर उडवलेला चेंडू थापटायला झेपावणारे उंच खेळाडू), ६ फॉरवर्ड. वर बेंच. पगाराची मर्यादा आहे, ट्रेड मोजके आहेत आणि खेळाडूच्या गुणांप्रमाणे त्याची किंमत वर-खाली होते. म्हणून प्रत्येक खेळाडूकडून दोनपैकी एक काम हवं. एक तर त्याने पैसे कमवून द्यावेत, नाही तर आपल्या लाइनमधल्या अव्वल सहा-आठ जणांत बसून शेवटपर्यंत गुण द्यावेत. रुकी पहिलं काम करतो, स्टार दुसरं. मधल्या किमतीच्या माणसाला कोणतं काम दिलंय हेच ठरलेलं नसलं की तेलही जातं आणि तूपही.

आणि मुळातली गोष्ट: खेळाडूची किंमत म्हणजे त्याच्या गेल्या वर्षीच्या कामाचा हिशेब. या वर्षी काम तेच राहणार असेल तर ती किंमत रास्त आहे, आणि रास्त किमतीत घेतलेल्या मिड-प्राइसरमधून कमाई होत नाही. खालच्या सगळ्या तपासण्या एकाच प्रश्नाभोवती आहेत: या माणसाचं काम बदललंय का?

१. सल्ला कोणत्या खेळाचा ऐकलात?

फुकट आणि दोन मिनिटांची तपासणी. तरीही बरीच दुखणी इथेच सापडतात.

एएफएल फँटसी आणि सुपरकोच हे दोन वेगळे खेळ आहेत. एएफएल फँटसीत सरळ बेरीज: किकला ३, हँडबॉलला (मुठीने मारलेला पास) २, मार्कला (किकचा चेंडू हवेत झेलणं) ३, टॅकलला ४, हिटआउटला (रकने चेंडू थापटणं) १, गोलला ६, बिहाइंडला (गोलच्या शेजारच्या खांबांतून गेलेला चेंडू) १, फ्री किक मिळाली तर १ आणि दिली तर उणे ३. मागच्या फळीत मोकळ्यात मार्क घेऊन शांतपणे किक मारणारा इथे दर वेळी ६ गुण खिशात घालतो. सुपरकोचचे गुण चॅम्पियन डेटा ही कंपनी काढते. एका सामन्यात सगळ्या खेळाडूंत मिळून ३,३०० गुण वाटले जातात. गर्दीतून ओढून काढलेला चेंडू आणि अटीतटीच्या क्षणी केलेलं काम तिथे जास्त मोलाचं. नेम चुकलेली किक एएफएल फँटसीत तीन गुण देऊनच जाते. सुपरकोचमध्ये ती महागात पडू शकते.

त्यामुळे एकाच खेळाडूची किंमत एका खेळात स्वस्त आणि दुसऱ्यात रास्त असू शकते. मित्राने ‘घेच’ म्हणून सांगितलेला माणूस कोणत्या खेळातला होता ते विचारा. पुढचे आकडे मी सुपरकोचचे धरले आहेत, कारण ऑफिसात तोच चालतो. तर्क दोन्हीकडे लागू पडतो.

२. किंमत कमी का आहे?

खेळाडूचं गेल्या वर्षीचं सामन्यागणिक पान उघडा. सरासरीकडे बघू नका, एकेक सामना बघा.

समजा एकाने १२ सामने खेळले. दहांत ९०, आणि दोनदा पहिल्याच क्वार्टरमध्ये लंगडत बाहेर गेल्यामुळे १५. सरासरी निघते ७७.५. सुपरकोचमध्ये मोसमाच्या सुरुवातीला एका गुणाला साधारण ५,५०० डॉलर धरा (नेमका आकडा दर वर्षी थोडा हलतो). म्हणजे हा माणूस सव्वाचार लाखांना मिळतोय, आणि धडधाकट असता तर ४ लाख ९५ हजारांना पडला असता. सुमारे ६९ हजारांची ही सवलत खरी आहे. त्याने यंदा काही वेगळं करायची गरज नाही, पूर्ण सामना खेळला तरी पुरे.

आता दुसरा. २२ सामने, प्रत्येकात ७० ते ८५, सरासरी तीच ७७. त्यालाही सव्वाचार लाख. हा मात्र खरोखरच ७७ चा माणूस आहे. दोघांची किंमत सारखी दिसते म्हणून लोक त्यांना एकाच पारड्यात टाकतात, आणि बुडवणारा असतो तो हा दुसरा.

सबमुळे, म्हणजे बदली खेळाडूच्या नियमामुळे, कापलेले सामनेही इथेच शोधा. २०२१ मध्ये जखमींसाठीचा सब आला, २०२३ पासून डावपेचासाठीचा, आणि २०२६ पासून सब बंद झाला. तिसऱ्या क्वार्टरनंतर बाहेर बसवलेल्या किंवा शेवटी आत आलेल्या खेळाडूचे २५-३० गुण सरासरी खाली ओढायचे. पण कोच त्याला वारंवारच सब करायचा तर ती सवलत मानायची नव्हती. तेच त्याचं काम होतं.

गेल्या वर्षी फारच कमी खेळलेल्यांना दोन्ही खेळ किमतीत सूटही देतात. ती मोहात पाडते. मॅट रॉवेल २०१९ च्या ड्राफ्टमधला (क्लबांनी नवे खेळाडू निवडायची फेरी) पहिला क्रमांक. २०२० मध्ये पदार्पणातच धुमाकूळ घातला, पाचव्या सामन्यात खांदा गेला. २०२१ च्या पहिल्याच सामन्यात, वेस्ट कोस्टविरुद्ध, गुडघा. सवलत आणि जोखीम बहुतेक वेळा एकाच दुखापतीतून जन्मतात. म्हणून असा माणूस घ्यायचाच तर एकच घ्या.

उलट बाजूचं उदाहरण पॅट्रिक क्रिप्सचं. २०२१ मध्ये शरीर साथ देत नव्हतं, गुण घसरले, किंमत घसरली. काम मात्र तेच होतं: कार्लटन क्लबच्या मिडफिल्डचा खांब. २०२२ मध्ये २९ मतं घेऊन त्याने ब्राउनलो, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक, जिंकलं. काम शाबूत आणि शरीर सावरतंय, अशी जोडी दिसली की माझा हात लगेच सैल होतो.

३. कॅलेंडर

याला कौशल्य लागत नाही, तरी लोक करत नाहीत. तुमच्या मिड-प्राइसरांचे क्लब कागदावर लिहा आणि शेजारी त्यांचे बाय. २०२४ पासून ओपनिंग राउंड (पहिल्या फेरीआधीची मोजक्या क्लबांची फेरी) आल्यामुळे त्यात खेळलेल्या क्लबांना सुरुवातीच्या आठवड्यांतच एक जादा बाय मिळतो. मिड-प्राइसरला पैसे कमवायला सलग सामने लागतात. सुपरकोचमध्ये किंमत तिसऱ्या सामन्यानंतर हलू लागते. मध्येच बाय आला तर कमाई आठवडाभर लांबते आणि त्या दिवशी बेंचवरचा कुणीतरी मैदानात उतरवावा लागतो. एका बायला दोनपेक्षा जास्त मिड-प्राइसर अडकत असतील तर एक बदला.

दोन जागांची मुभा असलेला खेळाडू, म्हणजे डिफेंडर-मिडफिल्डर किंवा रक-फॉरवर्ड, इथे पाच-सात गुणांइतका जास्त मोलाचा. अडचणीच्या आठवड्यात तो ट्रेड वाचवतो.

४. संघात नाव आहे का, आणि मैदानावर किती वेळ आहे?

संघ साधारण गुरुवारी संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटांनी, मेलबर्नच्या वेळेने, जाहीर होतात. गुरुवारी सामना असेल तर त्या दोन संघांची नावं आदल्या दिवशी. रविवारच्या सामन्यांसाठी आधी मोठी यादी येते आणि ती नंतर कापतात. पुण्यात किंवा नाशकात बसून खेळत असाल तर मार्चमध्ये हे दुपारी १२.५० ला पडतं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी मेलबर्नची घड्याळं मागे गेली की १.५०. जेवणाच्या सुट्टीत गजर लावून ठेवा. दर वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भारतातला कुणीतरी तासभर आधीच यादी शोधत बसलेला असतो.

मैदानावरच्या वेळेचा टक्का, टीओजी, प्रत्येक सामन्याच्या आकडेवारीत फुकट मिळतो. ८० च्या आसपास असेल तर माणूस पूर्ण खेळतोय. दुखापतीतून परतलेल्याचा ६५ दिसला आणि तरी ७० गुण आले असतील तर ही उत्तम बातमी आहे, कारण वेळ वाढली की गुण वाढायला जागा आहे. ८८ टक्के खेळून ७० आले असतील तर तेवढंच त्याचं पाणी.

५. सेंटर बाउन्स, किक-इन आणि रकची भागीदारी

खरा तपास इथे आहे. थोडा वेळ लागतो, पैसा लागत नाही.

मधल्या चौकोनात प्रत्येक संघाचे चारच जण उभे राहू शकतात: एक रक आणि तीन मिडफिल्डर. प्रत्येक क्वार्टरच्या सुरुवातीला एक बाउन्स (मध्यावर चेंडू उडवून खेळ सुरू करणं), आणि प्रत्येक गोलनंतर एक. सामन्यात २४ गोल झाले तर साधारण २८ बाउन्स. त्यातल्या किती वेळा आपला माणूस चौकोनात होता याचा टक्का म्हणजे सीबीए. चेंडू जमिनीवर आपटून सुरुवात होवो की हाताने वर फेकून, मोजणी तीच. फॉरवर्ड म्हणून नोंदलेला माणूस गेल्या वर्षी १० टक्के बाउन्सला होता आणि यंदा ६० टक्क्यांना दिसतोय, तर त्याची किंमत अजून जुन्या कामाची आहे. शोधायचा तो हाच.

पण हा आकडा आंधळेपणाने वाचू नका. फेब्रुवारी-मार्चच्या सराव सामन्यांत तो फार फसवतो. समजा सराव सामन्याच्या तक्त्यात तुमच्या माणसापुढे २८ पैकी २० लिहिलंय, म्हणजे ७१ टक्के. वा! आता क्वार्टर उघडून बघा. पहिल्या अर्ध्यात १४ पैकी ६. दुसऱ्या अर्ध्यात १४ पैकी १४. मग टीओजीचा रकाना बघा: संघातले दोन मुख्य मिडफिल्डर ५० टक्क्यांवर थांबलेत. कोचने त्यांना मध्यंतरानंतर बसवून ठेवलं आणि मोकळ्या जागेत तुमच्या माणसाला उभं केलं. पहिल्या फेरीत ते दोघं पूर्ण वेळ खेळणार. तेव्हा धरायचा आकडा आहे १४ पैकी ६, म्हणजे ४३ टक्के. एवढ्या एका तपासणीने निम्मे ‘हॉट’ मिड-प्राइसर गळून पडतात.

सराव सामना बघताना मी आधी बाहेर कोण आहे ते लिहून काढतो. आत कोण आहे ते त्यानंतर.

डिफेंडर असेल तर किक-इन (बिहाइंडनंतर गोलसमोरून चेंडू पुन्हा खेळात आणणं) बघा. २०१९ च्या नियमबदलानंतर गोल स्क्वेअरमधून चेंडू बाहेर काढणाऱ्याला आधी स्वतःकडे किक मारावी लागत नाही, तो सरळ खेळत पुढे येऊ शकतो. असं पुढे येऊन मारलेली किक आकडेवारीत किक म्हणून धरली जाते. क्लबचा नेहमीचा किक-इनवाला निवृत्त झाला, विकला गेला किंवा दुखावला, तर ते काम कुणाकडे जातंय ते शोधा. हाफ-बॅकच्या जागेत किती गुण दडलेत ते हॅरी शीझेलने दाखवलं. फॉरवर्ड म्हणून ओळख असलेला मुलगा २०२३ मध्ये नॉर्थ मेलबर्नने मागे खेळवला, आणि पहिल्याच वर्षी त्याने रायझिंग स्टार (सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार) आणि क्लबचा सर्वोत्तम खेळाडूचा मान दोन्ही घेतले.

रकमध्ये प्रश्न सोपा आहे: जोडीदार कोण? ब्रोडी ग्रंडी २०२३ मध्ये मेलबर्नकडे गेला, तिथे मॅक्स गॉन आधीच होता. दोन पहिल्या फळीचे रक एका संघात, ग्रंडीचे गुण पडले, वर्षाच्या शेवटी तर तो संघाबाहेर. किंमत त्याच हिशेबाने खाली आली. २०२४ मध्ये सिडनीत तो एकटा मुख्य रक झाला आणि गुण परत वर गेले. माणूस तोच, कौशल्य तेच, जोडीदार गेला. मिड-प्राइसर कसा ओळखावा हे कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो.

याची उलटी बाजू फ्रीमँटलच्या ल्यूक जॅक्सनची. शॉन डार्सी बाहेर असला की जॅक्सनचे गुण उंच, डार्सी परतला की खाली. इथे तुमची कमाई दुसऱ्याच माणसाच्या पोटरीवर आणि गुडघ्यावर टांगलेली असते. असा खेळाडू घेता येतो, फक्त विकायची तारीख आधी ठरवून.

आणि मोठं नाव बघून विरघळू नका. नॅट फाइफकडे २०१५ आणि २०१९ अशी दोन ब्राउनलो होती. २०२३ ला किंमत मोहक होती, पण क्लब त्याला जास्त करून पुढे खेळवायचं म्हणत होता. मधल्या चौकोनातून निघून पुढच्या फळीत गेलेला माणूस गुण गमावतो, मग कपाटात कितीही पदकं असोत.

६. वहीतला हिशेब

काम बदललंय हे पटलं, आता आकडे मांडा. नेमकं सूत्र न सांगता व्यवहारापुरतं: सुपरकोचमध्ये किंमत हलताना साधारण तीन भाग जुनी किंमत आणि एक भाग गेल्या तीन सामन्यांची सरासरी असं मिश्रण होतं. म्हणजे आजची किंमत आणि ‘खरी’ किंमत यांच्यातलं अंतर दर वेळी सुमारे पाव भागाने मिटतं.

मिड-प्राइसर घ्या ३ लाख ८५ हजारांचा, म्हणजे ७० सरासरीचा. तो यंदा ९० करतोय असं धरू. खरी किंमत ४ लाख ९५ हजार, अंतर १ लाख १० हजार. सहा सामन्यांत किंमत चार वेळा हलते आणि तो सुमारे ७५ हजार कमावतो.

रुकी घ्या १ लाख २४ हजारांचा आणि ६५ करणारा. खरी किंमत ३ लाख ५७ हजारांच्या पुढे. तेवढ्याच सहा सामन्यांत तो सुमारे १ लाख ६० हजार कमावतो.

एक तृतीयांश भांडवल आणि दुप्पट कमाई. म्हणून ‘पैसे कमवायला घेतलाय’ हे कारण मिड-प्राइसरला सहसा लागू पडत नाही. त्याने किमान २० गुणांची उडी मारली तरच पैशाचा विचार करा, आणि तेव्हाही त्याची खरी बाजू वेगळी असते: तो रुकीपेक्षा आठवड्याला २५ गुण जास्त आणतोय, आणि ९० वर टिकला तर कदाचित त्याला विकायची गरजच पडत नाही.

ती गरज पडते की नाही हे लाइनवर ठरतं. फॉरवर्ड लाइनमध्ये ९० वाला माणूस शेवटपर्यंत चालून जातो, थोडं कमी-जास्त. मिडफिल्डमध्ये अव्वल मंडळी ११० च्या वर खेळतात, तिथे ९० म्हणजे दर आठवड्याला वीस गुणांचं भोक. म्हणूनच माझा पहिला मिड-प्राइसर नेहमी फॉरवर्ड किंवा डिफेन्समध्ये असतो. मिडफिल्डमध्ये मी तो जवळजवळ घेतच नाही. यावर लीगमध्ये दर वर्षी वाद होतो. होऊ दे.

७. टीमचा सांगाडा उघडणं

आतापर्यंतच्या तपासण्या खेळाडूगणिक होत्या. त्यातून बिघाड सापडला नाही, किंवा सहापैकी चार जण नापास झाले, तर टीमची मांडणीच चुकलीय. हे काम वेळखाऊ आहे आणि ट्रेड खातं, म्हणून शेवटी.

तीन मिड-प्राइसर ठीक. चौथा हवाच असेल तर तो रकमध्ये असावा. पाच झाले की कुठेतरी स्टार कमी पडलाय, आणि मोसम सुरू झाल्यावर स्टार आणणं सगळ्यात महाग. मोसमाआधी असाल तर सोपं आहे: सगळ्यात कच्च्या दोन मिड-प्राइसरांचे एक स्टार आणि एक रुकी करा. ४ लाख २० हजार आणि ३ लाख ६० हजार मिळून ७ लाख ८० हजार होतात. तेवढ्यात साडेसहा लाखांचा स्टार आणि सव्वा लाखाचा रुकी बसतो.

मोसम सुरू झाला असेल तर एका आठवड्यात सगळं उलथवू नका. क्रम असा: काम गेलेला आधी, जखमी त्यानंतर, नुसते कमी गुण करणारा सगळ्यात शेवटी. सीबीए ६० वरून २० वर आला तर गुण चांगले आले असले तरी विका, कारण पुढचे येणार नाहीत. सीबीए ६५ वर टिकून आहे आणि तरी ५८ गुण आले, तर थांबा. टॅगर (एकाच खेळाडूला रोखायला लावलेला विरोधी) चिकटला असेल, पाऊस असेल, संघ शंभराने हरला असेल. दोन आठवडे कामावर नजर ठेवा, गुणांवर नको.

एक मिड-प्राइसर विकून दुसरा घेणं, जवळपास त्याच किमतीत, हा सगळ्यात वाया जाणारा ट्रेड. सुपरकोचमध्ये तर अख्ख्या मोसमाचे ट्रेड मोजून मिळतात. वर जा किंवा खाली जा, आडवं जाऊ नका.

इथे थांबा

दुखापतीचा अंदाज स्वतः बांधू नका. टीव्हीवर खेळाडू पोटरी धरून बसलेला दिसला की लीगच्या गटात पाच मिनिटांत निदान तयार असतं. हॅमस्ट्रिंगचा साधा ताण आणि टेंडनची इजा यांत आठवड्यांचा फरक असतो, आणि तो एमआरआय केल्याशिवाय डॉक्टरांनाही कळत नाही. घोट्याचं सिंडेस्मोसिस दिसायला साधं, परतायला लांबलचक. स्कॅनचा निकाल आणि क्लबची साप्ताहिक दुखापतींची यादी येईपर्यंत ट्रेड करू नका. सामना संपल्या रात्री केलेला ट्रेड जवळजवळ नेहमीच पुन्हा दुरुस्त करावा लागतो.

दुसरी थांबायची जागा पैशाची. एएफएल फँटसी आणि सुपरकोच फुकट खेळता येतात. ऑफिसात शेवटी जेवणाची पैज लावली तर तेवढंच. पण गेल्या आठवड्याचं नुकसान भरून काढायला पैसे लावून रोजची फँटसी किंवा बेटिंगचं अॅप उघडलं जात असेल, किंवा घरच्यांपासून आकडा लपवावा लागत असेल, तर मिड-प्राइसर बदलून काही होणार नाही. ते काम समुपदेशकाचं. ऑस्ट्रेलियात १८०० ८५८ ८५८ या हेल्पलाइनवर दिवसरात्र फुकट आणि नाव न सांगता बोलता येतं. भारतातून खेळणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की २०२५ च्या केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे.

एवढं सगळं करूनही टीम अडली असेल आणि जाणत्या माणसाला दाखवायची असेल, तर नुसतं ‘कोणाला काढू?’ एवढंच विचारू नका. कोणता खेळ, बँकेत किती, ट्रेड किती उरलेत, तुमच्या लीगचे अंतिम सामने कोणत्या फेरीपासून, आणि प्रत्येक मिड-प्राइसरचे गेल्या तीन सामन्यांतले सीबीए आणि टीओजी. एवढं एका स्क्रीनशॉटमध्ये पाठवलंत तर उत्तर दहा मिनिटांत मिळतं. बुधवारी रात्रीपर्यंत पाठवा. गुरुवारी संघ जाहीर झाल्यावर सगळेच आपापल्या टीममध्ये डोकं घालून बसलेले असतात.